अबेओकुटा, १९४७ : कर बायकांनी भरायचा, ठरवायचा इतरांनी

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी नैर्ऋत्य नायजेरियातल्या अबेओकुटा शहरात बाजार बंद राहिले. तांदूळ, गारी (कसावा कंदाचा भाजलेला कीस), पामतेल आणि निळीचे कापड विकणाऱ्या बायका फड्या गुंडाळून आके भागातल्या राजवाड्याकडे निघाल्या. दहा हजारांच्या वर बायका तिथे जमल्या आणि रात्रभर हलल्या नाहीत. गाणी रचून म्हणत राहिल्या, नाचत राहिल्या, आणि गाण्यांतून अलाकेची, म्हणजे आपल्या राजाची, लाज काढत राहिल्या. आमच्यावरचा कर काढा, ही मुख्य मागणी. पुढच्या तेरा-चौदा महिन्यांत कर तर थांबलाच, पण ३ जानेवारी १९४९ रोजी राजानेही गादी सोडली.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी एका धाडसी नेत्या बाईची गोष्ट म्हणून सांगितले जाते. फुनमिलायो रान्सम-कुटी धाडसी होत्याच, त्यांच्याविषयी पुढे लिहितोच आहे. पण एवढ्या बायका एका हाकेसरशी का आल्या आणि परत का गेल्या नाहीत, हे कळायला आधी या शहराची घडण, तिथला बायकांचा धंदा आणि कराचे रजिस्टर पाहावे लागते. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा त्या रजिस्टरात आहे. कर आकारताना एग्बा, म्हणजे या शहरातल्या योरुबाभाषक समाजातली, बाई नवऱ्यापासून वेगळी, स्वतंत्र व्यक्ती धरली जात होती. पैसे कुठे खर्च करायचे हे ठरवणाऱ्या बैठकीत मात्र तिला जागाच नव्हती. हा विसंवाद जवळजवळ तीस वर्षे चालला.

गावे एकत्र आली, पण एकजीव झाली नाहीत

शहराचे वय फार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओयो साम्राज्य मोडकळीला आले, योरुबा मुलुखात लढाया पेटल्या आणि एग्बा लोकांची कित्येक गावे जळून गेली. १८३०च्या सुमारास शोडेके नावाच्या पुढाऱ्यामागे निर्वासितांचे लोंढे ओगुन नदीच्या पूर्व काठावर आले आणि ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाच्या आसऱ्याला राहिले. कपारींत लपून राहता येत होते, वर चढले की शत्रू लांबून दिसत होता. पुढे भोवती मातीचा तट उभा राहिला.

आलेल्या प्रत्येक गावाने नव्या जागी आपली वेगळी वस्ती केली. जुने नाव ठेवले, आपला मुखिया ठेवला आणि आपली ओग्बोनीही ठेवली. ओग्बोनी म्हणजे वडीलधाऱ्या, मानाच्या लोकांची मंडळी. न्यायनिवाडा, राजाची निवड आणि राजावरचा वचक या तिन्ही गोष्टी तिच्या हातात. एग्बा अलाके, ओके-ओना, ग्बागुरा आणि थोडे मागून आलेले ओवू असे चार मोठे गट होते, आणि अलाके हा मुळात त्यांतल्या एकाचा राजा. अबेओकुटात पहिला अलाके गादीवर बसला तो १८५४मध्ये, वस्ती होऊन दोन तपे उलटल्यावर. सगळ्या शहरावर एकाच माणसाचा हुकूम चालणे ही इथली जुनी रीत नव्हती. १९४८मध्ये राजा एकटा का पडला, याचे निम्मे उत्तर इथेच सापडते.

जुन्या व्यवस्थेत बायकांनाही ठरलेली जागा होती. इयालोदे हे स्त्रियांच्या प्रमुखाचे पद होते आणि ते शोभेचे नव्हते. शेजारच्या दाहोमे राज्याने अबेओकुटावर १८५१ आणि १८६४मध्ये स्वाऱ्या केल्या. त्या फौजेत स्त्रीसैनिकांच्या पलटणी होत्या. दोन्ही वेळा एग्बांनी स्वारी परतवली. या काळात शहराला दारूगोळा पुरवण्यात पुढे होत्या एफुनरोये तिनुबू नावाच्या बड्या व्यापारी. त्यांना आधी लागोसमधून हाकलले होते. अबेओकुटात त्यांनी पुन्हा जम बसवला आणि १८६४मध्ये इयालोदे झाल्या. त्यांच्या संपत्तीत गुलामांच्या व्यापाराचा पैसाही होता. आज त्यांचा गौरव करताना हे बाजूला ठेवू नये असे मला वाटते. पण बाजारातून उभी राहिलेली बाई शहराच्या युद्धात आणि राजकारणात बोलू शकत होती, ही गोष्ट एग्बा स्मरणात पक्की होती.

दुसरा प्रवाह पश्चिम आफ्रिकेतल्याच सिएरा लिओनहून आला. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेले योरुबा लोक तिथे उतरवले जात. त्यांतले बरेच जण १८३०च्या दशकाच्या शेवटापासून मायदेशी परतू लागले. त्यांना सारो म्हणत. त्यांच्या मागोमाग मिशनरी आले. सॅम्युएल अजायी क्राउथर या सोडवलेल्या मुलाचा पुढे पाद्री झाला, आणि १८४६मध्ये इथेच त्याला पंचवीस वर्षांनी आई भेटली. १८५९मध्ये हेन्री टाउनसेंड या मिशनऱ्याने ‘इवे इरोहिन’ हे योरुबा भाषेतले वृत्तपत्र याच शहरात काढले. त्याची किंमत कवड्यांत मोजली जाई. मालदीवच्या समुद्रातली कवडी आपल्याकडे चालत होती तशीच युरोपीय जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत जाऊन तिथलेही चलन झाली होती. फुनमिलायोबाईंच्या घराण्याचे मूळ या सारोंत आहे. त्यांची पणजी सारा तायवो गुलामीतून सुटून सिएरा लिओनमार्गे परत आली होती.

१८९३च्या तहात ब्रिटिशांनी एग्बांचे स्वातंत्र्य मान्य केले. भोवतालचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात जात असताना या शहराचे स्वतःचे सरकार, स्वतःचे खाते आणि स्वतःचे जकातनाके होते. तिजोरीत मोठा वाटा जकातीचा. १९१४मध्ये इजेमो भागात लोकांवर गोळीबार झाला, त्यात माणसे मेली आणि त्या गोंधळातच तह गुंडाळला गेला. चार वर्षांनी जकात गेली आणि माणशी थेट कर आला. त्याविरुद्ध १९१८च्या जूनमध्ये अबेओकुटाच्या आसपास मोठे बंड झाले. लोहमार्गाचे रूळ उखडले गेले, ओके-ओना गटाचा राजा मारला गेला आणि सैन्याच्या कारवाईत शेकडो लोक मेले. बंड मोडले, कर राहिला.

निळीच्या रांजणात अडकलेले भांडवल

इंग्रज अधिकाऱ्यांनी बायकांवर वेगळा कर लावला तो उगीच नव्हे. त्यांनी पाहिले होते की योरुबा बाईची कमाई तिची स्वतःची असते. लग्नानंतर नवऱ्याने धंद्याला सुरुवातीचे थोडे भांडवल द्यावे अशी अपेक्षा असते, पण पुढचा नफातोटा तिचा. मुलांच्या खर्चाचा मोठा भाग तीच उचलते. त्यांचे निरीक्षण बरोबर होते. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र अर्धवट होता.

त्या काळातल्या अबेओकुटाचा सर्वांत नावाजलेला धंदा म्हणजे आदिरे, निळीत रंगवलेले नक्षीचे सुती कापड. सगळे काम बायकांचे. एलू नावाच्या वेलीची कोवळी पाने कुटून त्यांचे गोळे वळायचे आणि उन्हात वाळवायचे. लाकडाची राख तळाला भोके असलेल्या मडक्यात भरून वरून पाणी सोडायचे, म्हणजे खालच्या रांजणात क्षाराचे पाणी उतरते. त्या पाण्यात गोळे घालून आठवडाभर आंबवायचे. मुरले की नाही हे जाणती बाई वासावरून आणि फेसावरून ओळखते. मग कापड बुडवायचे, बाहेर काढायचे, वाऱ्यावर धरायचे. बाहेर येताना ते हिरवट असते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळे होत जाते. गडद रंग हवा तर हे पुन्हा पुन्हा करायचे. शेवटी लाकडी मोगरीने ठोकून त्यावर चकाकी आणायची.

नक्षीच्या दोन मुख्य रीती होत्या. एकीत कापडात खडे किंवा बिया घालून राफियाच्या धाग्याने घट्ट आवळायचे. दुसरीत कसाव्याच्या पिठाची खळ शिजवून ती पिसाने कापडावर रेखायची. जिथे खळ तिथे निळीचा शिरकाव नाही. कसावा हा तोच कंद ज्यापासून आपला साबुदाणा होतो. अबेओकुटाच्या बायका त्याचा कीस आंबवून, पिळून, भाजून गारी करतात, तेच तिथले रोजचे अन्न, आणि त्याच कंदाची खळ कापडावर. पुढे पत्र्याच्या साच्यांतून खळ उतरवायची पद्धत आली. साचे कापायचे काम पुरुषांकडे गेले.

कापड मात्र इंग्लंडहून यायचे. लोहमार्ग झाल्यावर युरोपीय कंपन्यांची दुकाने शहरात आली आणि पांढऱ्या कापडाचे तागे बायका उधारीवर उचलू लागल्या. रंगवून विकायचे, उधारी फेडायची, पुन्हा उचलायचे. गोल्ड कोस्ट (आजचा घाना) आणि सेनेगलपर्यंतचे व्यापारी हा माल न्यायला येत. उधारी मिळते तोवर धंदा तेजीत. १९३०च्या मंदीत कोकोचा आणि पामतेलाचा भाव पडला, गिऱ्हाइकाच्या हातात पैसा उरला नाही, दुकानदारांनी उधारी आखडली, आणि शहरातल्या रांजणांत बायकांचे भांडवल अडकून पडले.

याच सुमारास राखेच्या पाण्याऐवजी कॉस्टिक सोडा आणि पानांच्या गोळ्यांऐवजी कारखान्यातली नीळ वापरायला सुरुवात झाली. काम झटपट होई, खर्च कमी येई. पण सोड्याचे प्रमाण चुकले की कापड कमकुवत होई आणि तक्रारी येत. १९३०च्या दशकाच्या मध्यावर अलाकेने या रसायनांना बंदी घातली. रंगारी बायकांनी ती मुकाट मानली नाही आणि प्रकरण चौकशीपर्यंत गेले. मला हा प्रसंग १९४७पेक्षा कमी महत्त्वाचा वाटत नाही. धंदा कसा करावा हे धंदा न करणारे ठरवू लागले आणि बायकांनी त्याला संघटितपणे हरकत घेतली, ही पहिली तालीम इथे झाली.

आजही इटोकू बाजारात आदिरे विकले जाते. रंग बहुतेक रासायनिक असतात, मेण वापरून छपाई होते, पुरुषही या धंद्यात आहेत, आणि चीनहून येणाऱ्या छापील नकलेशी सामना रोजचा आहे. १९७६पासून शहर ओगुन राज्याची राजधानी आहे. २००६च्या जनगणनेत वस्ती साडेचार लाखांच्या आसपास होती. शहराच्या दक्षिणेला एवेकोरोचा सिमेंट कारखाना आहे, आणि २०२१पासून लागोस-इबादान या नव्या लोहमार्गावरच्या इथल्या स्टेशनाला शहराचे सुपुत्र, नोबेलविजेते लेखक वोले शोयिंका यांचे नाव आहे.

पंधरा वर्षांची मुलगी, सोळा वर्षांचा मुलगा

कर असा होता. मुलाला सोळाव्या वर्षापासून, मुलीला पंधराव्यापासून. मुलगी वर्षभर आधी का, याचे कुणीही पटेल असे कारण दिले नाही. पुरुषांत ज्यांची कमाई मोजता येई त्यांना कमाईप्रमाणे कर. बायकांना सरसकट, मग ती कापडाची घाऊक व्यापारी असो की डोक्यावर पाटी घेऊन मिरच्या विकणारी. बायको नवऱ्यापासून वेगळी करदाती. नायजेरियाच्या बहुतेक भागांत बायकांवर असा वेगळा कर नव्हता. पूर्वेकडे १९२९मध्ये बायकांवर कर येणार अशा नुसत्या कुणकुणीवर हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या आणि सैनिकांनी पन्नासहून अधिक जणींना गोळ्या घातल्या होत्या. अबेओकुटाच्या बायका तोवर अकरा वर्षे कर भरत होत्या.

वसुली करणारे लोक घरात शिरत, बायकांच्या मागे धावत. जन्मनोंदी नसलेल्या काळात मुलगी पंधराची आहे की नाही हे ठरवायला तिचे कपडे उतरवून अंग पाहिल्याच्या तक्रारी वारंवार आल्या. या शहरातल्या आयांनी हे पाहिले होते. पुढे दहा हजार बायका राजवाड्याबाहेर बसल्या त्यामागे पैशाइतकाच, कदाचित पैशापेक्षा जास्त, हा अपमान होता.

वसुली कुणाच्या नावाने होती? देशी राजांमार्फत कारभार चालवण्याच्या अप्रत्यक्ष राज्यपद्धतीत इंग्रजांनी अलाकेला ‘सोल नेटिव्ह ऑथॉरिटी’ केले होते. म्हणजे देशी कारभाराचा एकमेव अधिकारी. कर त्याच्या कचेरीत जमा होई, न्यायालये त्याच्या देखरेखीखाली, नेमणुका त्याच्या हातात. ओग्बोनीचा वचक संपला, बायकांच्या पदांना विचारणारे कुणी उरले नाही. तक्रार कुणाकडे न्यायची? इंग्रज रेसिडेंटकडे गेले की तो राजाकडे बोट दाखवी. राजाकडे गेले की तो सरकारी हुकूम पुढे करी. १९२०पासून गादीवर असलेले लादापो आदेमोला हे शिकलेले, इंग्रजांच्या मर्जीतले राजे होते. त्यांना एकटे खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्यांच्या हातात इतकी निरंकुश सत्ता देणारी व्यवस्था लंडनची आणि वसाहतीची राजधानी असलेल्या लागोसची होती.

महायुद्धाने यात भर घातली. सैन्यासाठी आणि शहरांसाठी धान्य गोळा करायचे म्हणून तांदूळ, गारी, कोंबड्या यांचे कोटे ठरले. बाजारात बसलेल्या बाईचा तांदूळ ठरीव, पडेल भावाने किंवा एक पैही न देता उचलला जाऊ लागला. तिने स्वतः तो चढ्या भावाने खरेदी केलेला असे. म्हणजे घाटा तिचा आणि वर वार्षिक करही तिचाच.

क्लबची संघटना होते

फुनमिलायो थॉमस यांचा जन्म अबेओकुटात १९००चा. अबेओकुटा ग्रामर स्कूलमध्ये प्रवेश मिळालेल्या पहिल्या मुलींत त्या होत्या. १९१९मध्ये शिकायला इंग्लंडला गेल्या आणि परतताना इंग्रजी नावे टाकून फुनमिलायो हेच नाव वापरू लागल्या. १९२५मध्ये रेव्हरंड इझ्रायल रान्सम-कुटी यांच्याशी लग्न झाले. ते पुढे त्याच शाळेचे मुख्याध्यापक आणि नायजेरियाच्या शिक्षक संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. संगीतकार फेला, लोकशाहीसाठी झगडलेले डॉक्टर बेको आणि आरोग्यमंत्री झालेले ओलिकोये हे त्यांचे मुलगे.

सुरुवात अगदी साधी होती. शिकलेल्या ख्रिस्ती घरांतल्या बायकांचा एक क्लब होता. शिवण, पाकक्रिया, समाजकार्य असे त्याचे विषय. १९४०च्या दशकात बाजारातल्या बायका तिथे अक्षरे शिकायला येऊ लागल्या. वर्ग योरुबात चालत. शिकवता शिकवता क्लबच्या बायकांना तांदळाच्या जप्तीची, कराची, दंडांची हकिकत कळू लागली. क्लबने तांदळाचा प्रश्न अधिकाऱ्यांकडे आणि वर्तमानपत्रांकडे नेला आणि जप्ती थांबली. एवढ्या एका यशाने बाजारातल्या बायकांचा विश्वास बसला. १९४६मध्ये क्लब मोडून अबेओकुटा विमेन्स युनियन झाली. आता ती फक्त शिकलेल्यांची राहिली नाही. वर्गणी भरणाऱ्या सभासदच सुमारे २०,००० होत्या.

यात फुनमिलायोबाईंनी घेतलेले काही निर्णय मला प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे वाटतात. त्यांनी पाश्चात्त्य पोशाख सोडला आणि बाजारातल्या बायका नेसतात तसे लुगड्यासारखे गुंडाळायचे वस्त्र, पोलके आणि डोक्याला फडके वापरू लागल्या. सभेत बोलणे योरुबातच, इंग्रज अधिकारी समोर असला तरी. त्याला समजायचे तर त्याने दुभाषा आणावा. पोशाखाची बाब वरवरची वाटेल, पण तिने क्लबमधली आणि फडीवरली अशी वर्गवारी बैठकीत दिसेनाशी केली. शोयिंकांच्या आई एनियोला यांचे दुकान होते, त्याही युनियनमध्ये पुढे होत्या, आणि लहानगा वोले निरोप पोचवत धावत असे.

दुसरा निर्णय हिशेबाचा. युनियनने हिशेबनीस नेमून राजाच्या कारभाराचे जमाखर्च तपासायला लावले. तोवर कर जाचक आहे ही भावना होती. आता किती पैसे आले, कुठे गेले आणि बायकांच्या आरोग्यावर, शाळांवर, पाण्यावर किती कमी खर्च झाला हे आकड्यांत मांडता येऊ लागले. अर्ज, निवेदने, वकिलांचा सल्ला, वर्तमानपत्रांतली पत्रे यांचा मारा सुरू झाला. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, ही घोषणा होती. आणि फुनमिलायोबाईंनी आपला स्वतःचा कर भरायला नकार देऊन खटला अंगावर घेतला.

१९४७च्या उन्हाळ्यात एनसीएनसी या नायजेरियातल्या राष्ट्रवादी पक्षाच्या शिष्टमंडळासोबत त्या लंडनला गेल्या. शिष्टमंडळात त्या एकट्याच स्त्री होत्या. तिथल्या ‘डेली वर्कर’ या डाव्या वर्तमानपत्रात त्यांनी लिहिले की इंग्रज येण्यापूर्वी नायजेरियातल्या स्त्रियांकडे मालमत्ता होती, व्यापार होता, राजकारणात वजन होते. आता उरले आहे ते दारिद्र्य. घरी परतल्यावर या लेखावरून गदारोळ झाला. काही प्रतिष्ठित मंडळींनी त्यांच्याविरुद्ध निवेदने काढली. युनियन मागे हटली नाही.

सहली

मोर्चाला परवानगी मिळत नव्हती. म्हणून युनियन सहल काढायची. हजारो बायकांची सहल राजवाड्याच्या अंगणासमोर! बायका शिदोरी घेऊन येत, गटागटाने बसत. अश्रुधुराची नळकांडी पडली तर काय करायचे याची फुनमिलायोबाईंनी घरच्या आवारात तालीम घेतली होती. डोळे, नाक, तोंड ओल्या फडक्याने झाकायचे, पळायचे नाही.

२९-३० नोव्हेंबरच्या ठिय्यानंतर काही बायकांना कर न भरल्याबद्दल अटक झाली. ८ डिसेंबरला पुन्हा दहा हजारांहून अधिक बायका जमल्या आणि अटकेतल्या सुटेपर्यंत उठणार नाही असे सांगून बसल्या. १० डिसेंबरला मागण्यांचा विचार करण्याचे आश्वासन मिळाल्यावर त्या उठल्या. गाणी इतकी उघड होती की ती छापायला आजही संपादक कचरेल. पुरुषपणाच्या जोरावर आमचा धनी म्हणवून घेतलेस, आता उलटे होणार, अशा आशयाची. पश्चिम आफ्रिकेत वयस्क बायकांनी जमून सत्ताधाऱ्याची अशी निर्भर्त्सना करणे हा गंभीर शाप मानतात. गाणी अश्लील म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांना त्यांचे वजन कळले नाही.

एका इंग्रज अधिकाऱ्याने फुनमिलायोबाईंना सांगितले की या बायकांना गप्प करा. त्या उलट म्हणाल्या, तुम्ही जन्माला आला असाल, पण तुमच्यावर संस्कार झालेले नाहीत. आपल्या आईशी असे बोलाल का? हा प्रसंग अबेओकुटात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. त्यांच्या चरित्रांत आणखी एक नोंद आहे. ओरो या पुरुषांच्या धार्मिक पंथाच्या विधीची काठी दाखवून पुरुषांनी बायकांना रस्त्यातून हटवायचा प्रयत्न केला. ओरो बाहेर पडला की बायकांनी घरात बसायचे, ही रीत. फुनमिलायोबाईंनी ती काठी हिसकावली आणि घरी नेऊन सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. धर्मभीरू बायकांसमोर असे करणे किती जोखमीचे होते, हे लक्षात घ्यायला हवे.

गोळीबार झाला नाही. अधिकाऱ्यांना १९२९ची आठवण होती, असा माझा अंदाज आहे. त्या वेळच्या चौकशीने सरकारची मोठी नाचक्की केली होती. शिवाय १९४७मध्ये जगाचे वारे बदलले होते, भारत नुकताच स्वतंत्र झाला होता, आणि वसाहतींतल्या प्रत्येक गोळीचा हिशेब लंडनमध्ये विचारला जाऊ लागला होता.

राजा जातो आणि परत येतो

१९४८च्या पहिल्या महिन्यांत बायकांचा सरसकट कर स्थगित झाला. तेवढ्यावर युनियन थांबली असती तर प्रकरण करसवलतीचे ठरले असते. पण मागणी आता एकमेव अधिकाऱ्याची व्यवस्थाच मोडण्याची होती. इथे शहराची जुनी घडण कामाला आली. एग्बा अलाके, ओके-ओना, ग्बागुरा, ओवू या गटांतले सरदार आणि ओग्बोनीचे वडीलधारे तीस वर्षे गिळलेला अपमान विसरले नव्हते. जुलैमध्ये ओग्बोनीने राजाचा पाठिंबा काढून घेतला. बायकांना आधी विरोध करणारेही यात होते. त्यांना स्त्रियांचे हक्क हवे होते असे म्हणवत नाही, त्यांना आपला वचक परत हवा होता. पण दोन्ही बाजूंचे हित जुळले. महिनाअखेर आदेमोला ओशोग्बो या दुसऱ्या शहरात निघून गेले आणि जानेवारीत त्यांनी गादी सोडल्याचे कळवले.

नवा अंतरिम कारभार मंडळाच्या हाती आला. मंडळात चार स्त्रिया होत्या, फुनमिलायोबाई त्यांतल्या एक. १९४९मध्ये युनियनची नायजेरियन विमेन्स युनियन झाली आणि देशातल्या इतर शहरांतल्या बायका तिच्याशी जोडल्या गेल्या.

डिसेंबर १९५०मध्ये आदेमोला परत गादीवर आले. याने अनेकांना वाटते की बायका शेवटी हरल्या. मला तसे वाटत नाही. परतलेला अलाके एकमेव अधिकारी राहिला नव्हता. कारभार मंडळाकडे गेला होता आणि कर त्याच्या शब्दाने ठरत नव्हता. खरी हार दुसरीकडे झाली. १९५०च्या दशकात राजकारण पक्षांच्या हाती गेले आणि पश्चिम विभागात मताधिकार बराच काळ कर भरण्याशी जोडलेला राहिला. ज्या बाईच्या मागचा कर सुटला ती आपोआप मतदार यादीबाहेर राहू लागली. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, असे म्हणणाऱ्या बायकांच्या पदरात ते वाक्य उलटे करून टाकले गेले. फुनमिलायोबाई हे ओळखून सरसकट प्रौढ मताधिकाराची मागणी करत राहिल्या. उत्तर नायजेरियातल्या स्त्रियांना मत मिळायला १९७०चे दशक उजाडले.

१९५९च्या निवडणुकीत एनसीएनसी पक्षाने फुनमिलायोबाईंना उमेदवारी नाकारली. त्या स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या आणि हरल्या. १९७०मध्ये त्यांना लेनिन शांतता पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी १९७७मध्ये लागोसमधल्या फेलाच्या राहत्या आवारावर सैनिकांनी हल्ला केला, तेव्हा सत्त्याहत्तरीला आलेल्या या बाईंना वरच्या खिडकीतून खाली फेकण्यात आले. त्या जखमांतून त्या पुरत्या सावरल्या नाहीत आणि १३ एप्रिल १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधी अबेओकुटात झाला. त्या दिवशी शहरातल्या बाजाराच्या बायकांनी पुन्हा एकदा दुकाने आणि फड्या बंद ठेवल्या.